अक्षरी रुपये फक्त

चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते. एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरात. आता समजा, आकड्यात एक रक्कम पडली आणि अक्षरात दुसरी, तर खरी कोणती? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट नावाचा १८८१ सालचा एक कायदा आहे. त्याचे अठरावे कलम सांगते, की अशा वेळी अक्षरातली रक्कम खरी धरावी. म्हणजे आकडा आणि अक्षर यांचे भांडण लागले, तर कायदा अक्षराच्या बाजूने उभा राहतो. बी.कॉम.ला हे कलम मी पाठ केले होते, त्यावर चांगले मार्कही मिळवले होते आणि पुढे वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करताना इमानेइतबारे आकड्याची बाजू घेतली. पाठांतराचा हाच तर फायदा असतो. परीक्षा संपली की माणूस मोकळा.

ज्या गृहस्थांनी मला असे मोकळे राहू दिले नाही, त्यांना मी इथे नुसते काका म्हणणार आहे. लेख आहे नावाबद्दल आणि त्यांचेच नाव गाळलेले, हे पाहून तुम्ही हसाल. पण ते आमच्या शाखेचे खातेदार आहेत आणि खातेदाराची गोष्ट नावानिशी चव्हाट्यावर मांडणे बँकेच्या माणसाला शोभत नाही. त्यांचे नाव जिथे छापायला हवे होते तिथे ते कसे छापले गेले नाही आणि मग कसे छापले गेले, तीच तर ही गोष्ट आहे.

आमच्या बँकेतल्या कर्मचाऱ्यांचा एक दिवाळी अंक निघतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून जिथे चार मराठी माणसे आणि एक जाहिरात जमते, तिथे दिवाळी अंक निघतोच. त्याला इलाज नाही. अंकाचा मी खजिनदार. माझ्या कविता छापाव्या लागू नयेत म्हणून मला हे पद देण्यात आले, असे आमची ही म्हणते. २०१६ साली समितीने अंकाला नवे नाव द्यायचे ठरवले. दोन बैठका आणि चौदा प्लेट बटाटेवडे संपल्यावर 'ठेव' हे नाव मुक्रर झाले. बँकेलाही शोभणारे आणि साहित्यालाही. कॉम्प्युटरवर ते टाइप करून पाहिले, तर मुदतठेवीच्या फॉर्मसारखे दिसू लागले. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "हे काकांकडून काढून घेऊ या."

काका शाखेच्या मागच्या गल्लीत राहतात. दादरला. ते अक्षरे काढतात. 'लिहितात' नव्हे, 'काढतात'. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव, मासिकाचे शीर्षक, मासिकातल्या कथेच्या माथ्यावरची अक्षरे, नाटकाच्या जाहिरातीतले नाव, हे सगळे काढून देण्यात त्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षे गेली. कोणी काम घेऊन आले की काढायचे. आपल्या मनाने, आपल्यासाठी म्हणून त्यांनी एक अक्षरही काढलेले नाही, असे ते सांगतात. "घरच्या दारावरची पाटीसुद्धा बिल्डरने लावलेलीच आहे."

त्यांनी जुनी कात्रणे दाखवली तेव्हा मला लहानपणीचा रविवार आठवला. वडील पेपर उघडायचे ते थेट नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर. मी वाचायला लागण्याआधीच मला त्या पानावरचे काही काही कळत असे. अक्षरे पोट धरून लोळत असली की विनोदी नाटक, कडांना तडे गेले असले की रडायचे नाटक. त्यातली कितीतरी अक्षरे कमल शेडगे यांनी काढलेली होती, हे मला फार नंतर, जवळजवळ ते २०२० साली गेले तेव्हा कळले. नटांची नावे आम्हाला पाठ होती, लेखकाचे होते, दिग्दर्शकाचे होते, तिकीटविक्री कुठे सुरू आहे तेही होते. ज्या हाताने ही सगळी माहिती आमच्या डोळ्यांत भरवली, तो हात तेवढा कोणाचा, हे विचारायचे राहून गेले.

काकांनी 'ठेव'चे सहा हजार सांगितले.

"दोन अक्षरांचे?" मी म्हणालो.

"आणि एक मात्रा."

"मात्रेचे वेगळे?"

"नाही, मात्रा त्यात आली."

म्हणजे अक्षरी तीन हजार. मी समितीला हा भाव कळवला तेव्हा हाहाकार झाला. टायपिंगवाला पानभर मजकुराचे पन्नास रुपये घेतो आणि पानात हजारभर अक्षरे सहज मावतात. त्या हिशेबाने 'ठेव'चे दहा पैसे झाले. एका सभासदाने सुचवले, की अंकाचे नाव नुसते 'श्री' ठेवले तर निम्म्या पैशांत काम होईल आणि मंगलही दिसेल. कॉस्टिंगचा पेपर आठवून मीही हिशेब मांडला. कागद, शाई, ब्रश, दिवसभराची मजुरी, घराचे भाडे आणि वीज धरून ते काही बाराशेच्या वर जाईना. उरलेले चार हजार आठशे कोणत्या खात्यावर टाकायचे, हे कॉस्टिंगच्या पुस्तकात नव्हते.

आठ दिवसांनी काकांनी काम दिले. अंकावर जेवढे छापायचे त्याच्या चौपट मोठे. कडा पांढऱ्या रंगाने साफ केलेल्या. "मोठं काढायचं असतं," ते म्हणाले, "छपाईत अक्षर लहान होतं, तशा चुकाही लहान होतात." माणसाचे उलट असते. तो मोठा होतो तशा त्याच्या चुकाही मोठ्या होतात. पण हे मला तेव्हा सुचले नाही. तेव्हा माझे लक्ष शिरोरेघेकडे होते. 'ठ'च्या डोक्यावर ती तुटली होती.

"काका, इथं रेघ राहिली."

"राहिली नाही. ठेवली."

मग मला दिसले. 'ठ' गोल, पोट सुटलेला. मातीच्या गल्ल्यासारखा. त्याच्या माथ्यावरच्या रेघेत ती एवढीशी फट, पैसा टाकायची असते तशी. आणि वरची मात्रा अशी वाकलेली, की कोणीतरी पोर चवड्यांवर उभे राहून त्या फटीत पैसा सोडते आहे. 'व' आपला शेजारी मुकाट्याने उभा, घरातल्या मोठ्या माणसासारखा. सगळे मिळून वाचायचे 'ठेव', आणि वाचताना कुठे अडखळायला होत नव्हते.

त्या फटीचे चार हजार आठशे होते. तिथे कागद लागला नव्हता, शाई लागली नव्हती, मजुरीही लागली नव्हती. चाळीस वर्षे लागली होती.

मी चेक लिहिला. अक्षरी रुपये सहा हजार फक्त. काकांनी त्याच्या मागे सही करून पोच दिली, आणि व्हाउचर फायलीला लागले. हिशेब मिटला.

अंक ३० ऑक्टोबरच्या दिवाळीला निघाला, आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली. दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाखेबाहेर रांग अशी लागली, की लोकांनी अंकाचे नाव फारच मनावर घेतलेले दिसले. साहेबांना ही गंमत इतकी आवडली, की त्यांनी काकांचे 'ठेव' मोठे करून, फ्रेम करून काउंटरच्या मागे भिंतीवर टांगले. पुढल्या वर्षीच्या अंकावर तेच आले. त्याच्या पुढल्याही. मग ते स्टाफच्या कॅलेंडरवर आले, क्रीडामहोत्सवाच्या फलकावर आले, चहाच्या मगांवर आले. एक मग माझ्या घरीही आहे. २०२३ पर्यंत आठ अंक झाले. त्यातल्या एकाचे पैसे दिलेले होते. काकांचे नाव आठांपैकी एकावरही नव्हते. श्रेयनामावलीत अंक बांधणाऱ्याचे नाव होते, वड्यांची व्यवस्था पाहणाऱ्याचे होते आणि खजिनदाराचे तर ठळक होते.

हे जाणूनबुजून झाले असे नाही. पहिल्या वर्षी मी त्यांना ओझरते विचारलेही होते, "काका, नाव कुठं टाकायचं?" ते म्हणाले होते, "अहो, अक्षर वाचलं गेलं म्हणजे माझं काम झालं. ते कोणी काढलं हे विचारायला वाचणारा थांबला, तर पुस्तक विकत कधी घेणार?" मला हे उत्तर फार पटले. आपल्या सोयीचे तत्त्वज्ञान माणसाला चटकन पटते.

आता २०२४ चा मार्च. त्या महिन्याच्या ८ तारखेला बँक कर्मचाऱ्यांचा नवा वेतनकरार झाला. पगारवाढ लागू झाली १ नोव्हेंबर २०२२ पासून. म्हणजे सोळा महिन्यांचा फरक एकदम मिळायचा होता. अशा दिवसांत बँकेतला माणूस खातेदाराकडे पाहतो, पण त्याला दिसतो स्वतःच्या फरकाचा आकडा. मी क्लिअरिंगला बसलो होतो. एका हाताने चेक पाहत होतो, दुसऱ्या हाताने कॅल्क्युलेटर. कोण्या सोसायटीच्या नावे काढलेला मेंटेनन्सचा एक चेक आला. पडद्यावर नमुन्याची सही उघडली. नमुन्यात सही कशी ताठ आणि देखणी, चेकवर ती पावसात भिजलेल्या कागदासारखी लुळी. मी नियमाप्रमाणे शेरा मारला, 'सही जुळत नाही', आणि पुन्हा महागाईभत्त्याकडे वळलो. नावाकडे पाहिले नाही. सही तपासणारा माणूस सहीच तपासतो, नाव वाचत नाही.

चार दिवसांनी काका ती चिठ्ठी घेऊन काउंटरवर आले. सोसायटीने दंड लावला होता. त्यांनी हात पुढे केला तेव्हा चिठ्ठीचा कागद थरथरत होता. वर्षभरापासून हात कापतो आहे, म्हणाले. काम सुटले. मी नमुन्याची नवी सही घ्यायला कार्ड काढले. साहेब बाजूनेच जात होते. मनाने चांगला माणूस. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि आपुलकीने म्हणाले, "कशाला त्रास देता त्यांना? अंगठा घेऊन टाका. पुढं कटकट नको."

नियमात ते बसत होते. ज्याला सही करता येत नाही, त्याचा अंगठा चालतो. पण ज्याच्या हातातून मराठी पुस्तकांची, मासिकांची, नाटकांची शेकडो नावे निघाली, त्याच्या नावापुढे आम्ही लिहिणार होतो, 'निशाणी डावा अंगठा'.

काकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "द्यायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण तो जन्मतःच फुकट मिळालाय. त्यात मी काही केलेलं नाही." मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे भिंतीवर गेली आणि ते हसून म्हणाले, "नमुनाच हवा असेल, तर तो तुमच्याकडे वर टांगलाय की."

मी मागे वळून पाहिले नाही. तिथे काय आहे ते मला ठाऊक होते, आणि काय नाही तेही.

"काका, तुम्ही सहीच करा," मी म्हणालो. त्यांनी तीनदा सही केली. तिन्ही सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. "यातली कुठली ठेवू?" मी विचारले. "तिन्ही ठेवा. पुढच्या महिन्यात कुठली येईल, ते मलाही ठाऊक नाही." मी तिन्ही ठेवल्या. कार्डावर 'वार्धक्यामुळे सहीत फरक, खातेदारास ओळखतो' असा शेरा लिहून खाली माझी सही ठोकली. उद्या ऑडिटर विचारील तेव्हा विचारील.

पण घरी आल्यावर जेवण जाईना. समोर चहाचा मग होता आणि त्यावर ते पोर गल्ल्यात पैसा टाकत होते. चोर सापडला, की तो आधी दुसरे चोर दाखवतो. मी मोबाइल काढला आणि आपल्यासारखे पापी जगात आणखी कोण आहेत, ते शोधायला बसलो.

भरपूर निघाले. अमेरिकेत रॉबर्ट इंडियाना नावाचा एक चित्रकार होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६५ साली त्याला नाताळच्या भेटकार्डाचे काम दिले. त्याने 'लव्ह' या शब्दाची चार अक्षरे घेतली, दोनावर दोन रचली आणि त्यातला 'ओ' जरा कलता केला. बस्स. आमच्या काकांच्या फटीसारखेच. पुढे ती अक्षरे पृथ्वीवर जिथे जागा सापडेल तिथे छापली गेली. १९७३ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांचे आठ सेंटांचे तिकीट काढले. तीस कोटींहून जास्त तिकिटे छापली. इंडियानाला एकरकमी मिळाले एक हजार डॉलर. मी लगेच भागाकार केला. एका सेंटचे तीन हजार तुकडे करा. त्यातला एक तुकडासुद्धा प्रत्येक तिकिटामागे त्याच्या वाट्याला पुरता आला नाही. हे वाचून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. आम्ही मगांचा भागाकार अजून केलेला नव्हता.

मग दुसरे सापडले. मिल्टन ग्लेझर याने १९७७ साली न्यूयॉर्क राज्यासाठी 'आय लव्ह न्यूयॉर्क' हे चिन्ह केले. तीन अक्षरे आणि एक लाल बदाम. त्याचा त्याने एक पैसाही घेतला नाही. म्हटले, हे आपल्या कामाचे आहे. एवढा मोठा माणूस फुकट देतो, तर आमच्या काकांनी सात अंक दिले तर कुठे बिघडले? पण बँकेत देणगी आणि अफरातफर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पैसा दोन्हींत सारखाच जातो. एकीत देणाऱ्याने दिलेला असतो, दुसरीत घेणाऱ्याने घेतलेला. ग्लेझरने दिले होते. काकांचे आम्ही घेतले होते. नाव न मागणे हा काकांचा मोठेपणा होता. नाव न देणे हा आमचा मोठेपणा नव्हता.

आणि अक्षर काढणाऱ्याचे नाव सांगायला जागाच नसते, ही सबबही टिकेना. जुन्या 'दीपावली' अंकांच्या मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांची सही कोपऱ्यात कशी दिमाखात बसलेली असे. ती होती म्हणून कोणी अंक घ्यायचा थांबला नाही. रुपयाचे जे चिन्ह मी दिवसातून शंभरदा उमटवतो, ते मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी केलेले आहे. १५ जुलै २०१० ला सरकारने ते निवडले, अडीच लाखांचे बक्षीस दिले आणि नाव देशभर जाहीर केले. साऱ्या देशाच्या तिजोरीला जे परवडले, ते आमच्या दिवाळी अंकाला परवडू नये?

एप्रिलमध्ये समितीची बैठक लागली. मी विषय मांडला. सात अंकांचे मानधन आणि श्रेयनामावलीत नाव. पुन्हा हाहाकार झाला.

"आपण पैसे दिले होते ना? मग अक्षर आपलं झालं."

मी म्हणालो, "अक्षर आपलं झालं असेल. पण आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, आणि त्याचं कलमही सत्तावन्नावंच आहे. ते म्हणतं, हक्क विकले तरी 'हे मी केलं' असं सांगायचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो." सालाचा आणि कलमाचा आकडा एक आल्याने सभेवर जरा दडपण आले. बँकेत आकडे जुळले की लोकांना ते खरे वाटते.

"पण सात वर्षांनी? मागचं कोण देतं?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. "परवा आपल्याला फरक मिळणार म्हणून पेढे कोणी वाटले?" मी विचारले. "२०२२ सालापासूनचा फरक आपण २०२४ मध्ये घेतो, तेव्हा कोणी म्हणत नाही, की मागचं कशाला? काकांच्या तेवढ्या अक्षरांना मागच्या तारखेपासून काही लागू होत नाही?"

बँकेतल्या माणसापुढे देवाधर्माची भाषा करा, न्यायाची करा, कलेची करा, तो घड्याळाकडे पाहील. 'फरक' म्हणा, तो हलतो. ठराव एकमताने पास झाला. अंकाला एक हजारप्रमाणे सात हजार. ज्यांनी 'श्री' नाव सुचवले होते त्यांनीच अनुमोदन दिले.

चेक घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "मी मागितले नव्हते," म्हणाले, "पण नाही म्हणणार नाही. आलेल्या कामाला नाही म्हणायची सवय नाही मला." मग मी दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीचा कच्चा कागद पुढे केला. सगळ्यांत वर, 'शीर्षकाक्षरे' या शब्दापुढे त्यांचे नाव. मी स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केले होते. काकांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, गहिवरले.

"हे मंगल," ते म्हणाले.

"हो ना काका, मंगलच झालं."

"तसं नव्हे हो. या अक्षराचं नाव 'मंगल'. तुमच्या कॉम्प्युटरात येतं ना, ते. र. कृ. जोशींनी काढलंय." आयआयटीत शिकवत असत, २००८ साली गेले, एवढी माहिती त्यांनी दिली. आणि मग म्हणाले, "रोज किती लोक या अक्षरात लिहितात. त्यांच्या नावाचं काय करायचं?"

मी गप्प बसलो. रोज सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मी त्या अक्षरांत नोटिसा टाइप करतो, सुट्टीचे अर्ज टाइप करतो. हे अक्षर कोणी माणसाने काढले असेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. एक देणे फेडायला म्हणून मी आलो होतो, तर खाली दुसरे निघाले. हिशेब मिटतो तो व्हाउचरपुरता. देण्याचे खाते एवढ्या सहज बंद होत नाही. निदान त्या खात्यावर नाव कोणाचे आहे, ते तरी माहीत असावे. तेवढे व्याज माणसाने भरत राहावे.

काकांनी पावतीवर सही केली. हात बराच वेळ कागदावर फिरत होता. अक्षरी रुपये सात हजार फक्त मिळाले, आणि खाली सही. कार्डावरच्या तीन सह्यांपैकी ती कोणतीशी जुळत होती की ही चौथीच होती, ते मला सांगता येणार नाही. मी जुळवून पाहिले नाही.